बाजार शिकवायचा तर आधी माणूस शिकवा

परीक्षेचे दिवस जवळ आले की आपल्या वस्त्यांतून, चाळींतून कॉलेजची मुले-मुली कागद घेऊन फिरताना दिसतात. 'काकू, एवढा फॉर्म भरून द्या ना, प्रोजेक्ट आहे,' म्हणतात. अलीकडे तर तेवढेही फिरत नाहीत. मोबाईलवर फॉर्म पाठवतात आणि आपण चालत्या गाडीत, नाही तर गॅसवर भाजी ठेवून, जमेल तशा खुणा करून मोकळे होतो. साबण कोणता वापरता, महिन्याचे उत्पन्न किती, जाहिरात पाहून वस्तू घेता का? असे शंभर फॉर्म जमले की प्रोजेक्ट पुरा झाला, गुण मिळाले आणि गठ्ठा रद्दीत गेला. या विषयाला मार्केट रिसर्च म्हणतात. मराठीत बाजार-संशोधन.

आम्ही गेली वीस-बावीस वर्षे मुंबईच्या एका वाणिज्य महाविद्यालयात हा विषय शिकवतो. कुटुंबाच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्या घरांतली मुले आज बी.कॉम., बी.एम.एस., एम.बी.ए. करत आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा वाणिज्याच्या वर्गाशी आपले नाते काही कालचे नाही. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. कोणती वस्तू बनवायची, केवढ्या पुडीत घालायची, काय भावाने विकायची, कोणत्या गावापर्यंत पोहोचवायची, हे कंपन्या अशा पाहण्यांवरून ठरवतात. ज्याला कोणी विचारलेच नाही, त्याची गरज हिशेबात धरली जात नाही. म्हणून कोणाला विचारायचे आणि कसे विचारायचे, हे मुलांना नीट शिकवणे ही तुमच्या-आमच्या घरच्या स्वयंपाकाशी संबंधित गोष्ट आहे.

आज वर्गात काय चालते? पहिल्या दिवशी व्याख्या. मग संशोधनाचे प्रकार, नमुन्याचे प्रकार, प्रश्नावलीचे प्रकार. त्यांचे फायदे पाच, तोटे पाच. मुले पाठ करतात आणि पेपरात उतरवतात. माणूस येतो तो अगदी शेवटी, प्रोजेक्टच्या वेळी, आणि तोही फॉर्म भरून देणारा हात म्हणून. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा क्रम उलटा करावा. माणूस आधी, व्याख्या नंतर.

शितावरून भाताची परीक्षा

नमुना पाहणी म्हणजे काय, हे आपल्या आयाबायांना कोणी शिकवायला नको. शितावरून भाताची परीक्षा त्या रोज करतात. पण एका शितावरून भात कळतो, कारण सगळ्या भाताला आच सारखी लागलेली असते. आमटीचे तसे नाही. ढवळल्याशिवाय वरवरची चव घेतली तर मीठ तळाशी राहते आणि चव घेणारी फसते.

आम्ही वर्गात एक पातेले नेतो. तळाशी हरभरे, वर मूग. एका मुलाला डोळे मिटून वरची मूठ काढायला सांगतो. मूठभर मूगच येतात. 'पातेल्यात काय आहे?' 'मूग!' मग आणखी दहा मुठी काढायला लावतो. तरी मूगच. मग ढवळून एक मूठ काढतो, तेव्हा हरभरे हाताला लागतात. नमुना मोठा असून भागत नाही, तो ढवळलेला हवा, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

मग १९३६ सालची अमेरिकेतली हकिगत सांगतो. अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांच्या वर परत आल्या. त्यावरून साप्ताहिकाने लँडन निवडून येणार असे छापले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. असे का झाले? पत्ते घेतले होते बहुतांशी टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या नोंदीतून. मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी फोन नाही, दारी मोटार नाही, त्याच्यापर्यंत मतपत्रिका गेलीच नाही. शिवाय ज्यांना गेली त्यांतल्या बहुतेकांनी उत्तर दिले नाही. जॉर्ज गॅलप यांनी त्याच वेळी कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय बरोबर सांगितला होता.

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एका संध्याकाळी भरलेले शंभर फॉर्म म्हणजे पातेल्यातले वरचे मूगच. मोबाईलवर मित्रांना पाठवलेला फॉर्मही तसाच. 'मुंबईतील ग्राहकांची मते' असे वर मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि आत सगळे वीस वर्षांचे, एकाच कॉलेजचे, एकाच लोकलने येणारे. आमच्या वर्गात प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर एक रकाना सक्तीचा आहे: 'आम्ही कोणापर्यंत पोहोचलो नाही?' तो कोरा असेल तर अहवाल परत.

विचारायचे कसे?

प्रश्नावली बहुधा इंग्रजीत लिहिलेली असते. दारात उभे राहून मुले ती तिथल्या तिथे मराठीत किंवा हिंदीत करून विचारतात. प्रत्येकाचे भाषांतर वेगळे, म्हणजे प्रश्नही वेगळा. मग चाळीस मुलांच्या उत्तरांची बेरीज करण्यात काय अर्थ? प्रश्न ज्या भाषेत विचारायचा त्याच भाषेत तो आधी लिहावा, चार घरी विचारून पाहावा, अडतो तिथे दुरुस्त करावा आणि मग सर्वांनी तोच शब्द न् शब्द विचारावा.

आपल्याकडे दुकानात जाऊन 'दुसऱ्या कंपनीची कोलगेट द्या' म्हणणारी माणसे आहेत. नाव एका कंपनीचे, पण लोकांच्या तोंडी तो वस्तूचाच शब्द झाला आहे. तेव्हा 'टूथपेस्ट कोणती वापरता?' याला 'कोलगेट' असे उत्तर आले तर ते लिहून घेण्याआधी 'जरा ट्यूब दाखवता का?' असे विचारायला मुलांना शिकवले पाहिजे.

उत्पन्नाचेही तसेच. नाक्यावर उभे राहून काम मिळवणाऱ्या माणसाला 'मासिक उत्पन्न किती?' विचारले तर तो काय सांगणार? तो तुम्हाला टाळत नसतो. त्याच्या आयुष्यात महिना या मापाने पैसा येतच नाही. 'गेल्या आठवड्यात किती दिवस काम लागले? रोज किती मिळाला?' असे विचारा, तो बिनचूक सांगतो.

काही प्रश्नांची उत्तरे माणूस सरळ देत नाही, कारण लाज आड येते. १९५० साली मेसन हेअर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर एक साधी युक्ती केली. झटपट कॉफी का घेत नाही, असे विचारले की बायका 'चव आवडत नाही' म्हणत. त्याने वाणसामानाच्या दोन याद्या केल्या. दोन्ही सारख्याच, फरक एका ओळीचा. एकीत झटपट होणारी नेसकॅफे, दुसरीत उकळून करायची दळलेली कॉफी. वेगवेगळ्या बायकांना एकेक यादी दाखवून विचारले, ही यादी करणारी बाई कशी असेल? झटपट कॉफीवालीला जवळपास निम्म्या जणींनी आळशी ठरवले. दुसरीला तसे म्हणणाऱ्या अगदी थोड्या. म्हणजे अडचण चवीची कमी आणि 'लोक काय म्हणतील' याची जास्त होती.

आम्ही वर्गात हाच प्रयोग आपल्या घरच्या यादीवर करतो. तूरडाळ, तांदूळ, गोडेतेल, चहापूड, कांदे-बटाटे. एका यादीत गव्हाचे पीठ, दुसरीत तयार चपात्या. एका वर्षी तयार चपात्यांच्या यादीवर मुलांनी लिहिले, 'घरात लक्ष नाही', 'पैसा जास्त झाला आहे', 'टीव्ही बघत बसत असेल'. ती उत्तरे वाचून दाखवत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, 'सर, माझी आई पहाटे पाचच्या गाडीने दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जाते. तीन घरच्या लाटून येते आणि आमच्यासाठी कोपऱ्यावरून विकत आणते. ती आळशी का?'

कोणी बोलले नाही. मग आम्ही मुलांना विचारले, की यादीतल्या बाईबद्दल तुम्हाला नक्की काय माहीत होते? काहीच नव्हते. जे लिहिले ते आपापल्या घरातून, आपापल्या समजुतीतून आलेले होते. हेअर यांच्या प्रयोगाचा अर्थ त्या मुलीने आमच्यापेक्षा चांगला शिकवला.

तक्त्यातले घर

या विषयात घरांची प्रतवारी शिकवावी लागते. १९८८ साली शहरी कुटुंबांसाठी एक तक्ता प्रचारात आला. घरातल्या मुख्य कमावत्याचा व्यवसाय आणि शिक्षण पाहून घराला 'ए-१' पासून 'ई-२' पर्यंत श्रेणी द्यायची. कंपन्या म्हणायच्या, आमचा माल 'ए' आणि 'बी' साठी आहे, पाहणी तेवढ्यापुरतीच करा. त्या तक्त्यात अकुशल कामगाराची एक ओळ होती. तो निरक्षर असेल तर घर 'ई-२'. पाचवी ते नववी शिकला असेल तर 'ई-१'. दहावी झाला तर 'डी'. आणि पुढे पदवीधर झाला तरी, काम तेच असेल तर 'डी'च.

हा तक्ता समजावताना प्रत्येकाने आपले घर शोधावे, असे वर्गात सहज सांगितले जाते. एका मुलाने बोट फिरवत फिरवत आपली चौकट शोधली. वडील नाका कामगार, शिक्षण नववी. 'ई-१'. त्याने वही मिटली. तास संपल्यावर तो जवळ येऊन हळूच म्हणाला, 'सर, म्हणजे आम्ही गिऱ्हाईकच नाही का?'

हा प्रश्न कुठल्या पुस्तकात नाही, पण या विषयाचा तो पहिला प्रश्न असायला हवा. तक्ता देवाने पाठवलेला नाही. माणसांनी केला आणि माणसांनीच बदलला. २०११ साली व्यवसायाचा रकाना गेला. त्याऐवजी मुख्य कमावत्याचे शिक्षण आणि अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत ते मोजू लागले: वीजजोडणी, पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, मोटार, एसी आणि शेतजमीन. शेतजमीन! ज्यांच्या आज्या-पणज्यांना जमीन कधी मिळालीच नाही, त्यांचा एक गुण तिथेच कमी. पुढे २०२४ साली आणखी नवी पद्धत आली. तीत मुख्य कमावत्याचा व्यवसाय परत आला आणि घरातल्या सर्वांत शिकलेल्या पुरुषाबरोबर सर्वांत शिकलेल्या स्त्रीचे शिक्षणही धरले गेले. मुलगी शिकली तर घराची श्रेणी बदलते, हे मार्केटवाल्यांच्या कागदावर यायला २०२४ साल उजाडावे लागले.

तक्ता पाठ करून घेण्याऐवजी तो असा शिकवावा. कोणी केला, कशासाठी केला, त्यात कोण बसतो, कोण सांडतो. मग 'ई' वाचणारा मुलगा स्वतःला खालचा समजत नाही. मापणाऱ्याची पट्टी तपासायला शिकतो.

त्या मुलाला उत्तर देण्यासाठी आम्ही अख्खा वर्ग त्याच्या वस्तीतल्या किराणा दुकानात नेला. दुकानदाराची परवानगी घेऊन पाच-पाच मुले पाळीपाळीने संध्याकाळी सहा ते आठ बसली. काय विकले, किती विकले, रोख की मोबाईलवरून की वहीवर, एवढेच लिहायचे. दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची चहापूड, शाम्पूची एक पुडी, दोन अंडी. सहा ते आठ गर्दी कशाला, तर रोज हातात पडायची वेळ ती. मोठ्या सोसायटीतल्या मुलांनी हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. त्या मुलाला मात्र सगळे ठाऊक होते. वहीवर कोणाचे लिहितात, हिशेब कधी चुकता होतो, पावसाळ्यात काय अडते. दोन दिवस अख्खा वर्ग त्याला विचारत फिरत होता.

मग हिशेब मांडला. सुट्या चहापुडीचा, तेलाचा किलोचा भाव काढला. तो मोठ्या पाकिटापेक्षा चढा निघाला. गरिबाला महाग पडते ते असे. शाम्पूचे मात्र पुष्कळदा उलटे असते, पुडीतला शाम्पू बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. तमिळनाडूतल्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पूची पुडी काढली आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली पंधरा हजार रुपयांवर चिक शाम्पूचा धंदा सुरू केला. बाटली परवडत नाही तोही केस धुतो, हे त्यांनी ओळखले. पुढे मोठमोठ्या कंपन्यांना पुड्या काढाव्या लागल्या. ज्याला तक्त्याने तळाशी टाकले होते, तोच गिऱ्हाईक निघाला.

दारातले आडनाव

पाहणीसाठी दारोदार फिरण्याच्या कामात आपली पुष्कळ मुले आहेत. फॉर्ममागे ठरावीक पैसे मिळतात. उन्हातान्हात जिने चढायचे, दार तोंडावर आपटून घ्यायचे, आणि त्यांच्या कामावर वर बसलेले लोक अहवाल लिहिणार. पैसे फॉर्ममागे असले की चहाच्या टपरीवर बसून फॉर्म भरायचा मोह होतो. आता तर यंत्राला सांगितले की ते शंभर खोट्या माणसांची उत्तरे लिहून देते. 'खोटे लिहू नका' असा उपदेश पुरत नाही. खोटे उघडे पडेल अशी कामाची रीत शिकवावी लागते.

ती रीत आपल्याच देशात सापडते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. बंगालातल्या तागाच्या पिकाची पाहणी करताना त्यांनी एकाच भागात दोन स्वतंत्र तुकड्या पाठवल्या. दोघींचे आकडे जुळले तर भरवसा, न जुळले तर कुठे गफलत आहे ते शोधायचे. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीमागे हाच अनुभव होता. आम्ही एका गल्लीत दोन तुकड्या पाठवतो. एकीला दुसरीचे कागद दिसू देत नाही.

एका वर्षी एका सोसायटीत दोन तुकड्यांचे आकडे काही केल्या जुळेनात. एका तुकडीला पुष्कळ घरांनी 'नंतर या' म्हणून परत पाठवले होते. दुसरीला आत बोलावून पाणी दिले होते. चौकशी केली तेव्हा पहिल्या तुकडीतली मुलगी म्हणाली, 'सर, ते आधी पूर्ण नाव विचारतात.' एवढेच. वाचकांना जास्त सांगायला नको.

अशा वेळी 'मनावर घेऊ नकोस' म्हणून विषय मिटवण्याची पद्धत आहे. आम्ही तसे करत नाही. ही पाहणीतलीच माहिती आहे. विचारणारा कोण, यावर उत्तर बदलते, हे हर्बर्ट हायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ सालच्या ग्रंथात आकडे देऊन मांडले आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी गोऱ्या विचारणाऱ्याला एक उत्तर दिले आणि काळ्या विचारणाऱ्याला दुसरे. त्या वर्षीच्या अहवालात मुलांनी कोणत्या तुकडीला किती दारे बंद झाली, याचा तक्ता जोडला. मुलीने तो स्वतः सादर केला. आवाज कापला नाही.

मग निघाले काय?

पाहणी करणारा दार सोडून जातो आणि पुन्हा येत नाही. घरातली बाई मात्र विचारते, 'मग त्याचे पुढे काय झाले?' किराणा दुकानाची पाहणी झाली तेव्हा मुलांनी तिचा निकाल वस्तीत जाऊन सांगितला. विहाराच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. सुट्या चहापुडीचा किलोचा भाव फळ्यावर लिहिला तेव्हा कुजबुज झाली. तिथल्या बचतगटाने पुढच्या महिन्यापासून चहापूड आणि तेल एकदम घेऊन वाटून घ्यायचे ठरवले. ही काही क्रांती नव्हे. पण ज्यांनी माहिती दिली, त्यांच्याकडे ती काही तरी घेऊन परत गेली. प्रत्येक कॉलेजने निदान एवढे तरी करावे.

काय बदलावे, ते थोडक्यात सांगतो. पहिले पंधरा दिवस व्याख्या नकोत. प्रत्येकाने आपल्या घरचा खर्च लिहावा. शंभर खुणांऐवजी वीस माणसांशी नीट बोलणे पुरे. फिरताना लिहिलेल्या डायरीला अहवालाइतकेच गुण द्यावेत आणि तोंडी परीक्षेत तीवरून प्रश्न विचारावेत. यंत्राकडून लिहून घेतलेले तिथे टिकत नाही. दारात गेल्यावर आपण कोण, कशासाठी आलो, उत्तर देणे तुमच्या मर्जीवर आहे आणि तुमचे नाव कुठे फुटणार नाही, हे आधी सांगायला शिकवावे. मोबाईलवर गोळा होणाऱ्या माहितीसाठी देशात २०२३ साली कायदा झाला आहे, पण कायद्याआधीही ही साधी माणुसकी होतीच.

पालकांना आमची विनंती आहे. तुमचा मुलगा-मुलगी प्रोजेक्टचा फॉर्म घेऊन आली तर 'दे, खुणा करून टाकतो' म्हणू नका. शेजारी बसवा आणि घरचा हिशेब खरा खरा सांगा. रोज किती, वाणसामान किती, उधारी किती. लाजू नका. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही ज्या गल्लीत वाढलात तिथले व्यवहार तुम्हाला पुस्तक लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त कळतात. ते ज्ञान वर्गाच्या दाराबाहेर ठेवून आत जाऊ नका. ते वहीत उतरवा, मोजा, तपासून घ्या आणि ठामपणे मांडा.